गाडी उभी, हप्ता चालू

(पुण्यात दुभाषे आणि अनुवादक यांच्या एका मेळाव्यात झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मागे ऐकू येतंय का? हात वर केलेत, म्हणजे येतंय. किंवा मी काय विचारलं ते न कळताच वर केलेत. आपल्या व्यवसायात दुसरी शक्यता धरून चालावं. (हशा)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'हातात हवी तेवढी रक्कम पडण्यासाठी दिवसाचा दर कसा ठरवावा'. वेळ पन्नास मिनिटं. खरं तर हे गणित दहा मिनिटांचं आहे आणि ते मी या फळ्यावर करून दाखवणार आहे. पण नुसतं गणित सांगितलं तर तुम्ही ते वहीत उतरवून घ्याल आणि सोमवारी फोन आला की जुनाच दर सांगून मोकळे व्हाल. मी स्वतः अशी आठ वर्षं काढली आहेत. म्हणून आधी थोडं इकडचं तिकडचं.

समोर बहुतेक जपानीवाले दिसताहेत. जर्मनवाले उजवीकडे एकगठ्ठा बसलेत, वेळेवर आलेले तेच. मी उदाहरणं जपानीची देणार, कारण मला तेवढंच येतं. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

२००६ साली मी नोकरी सोडली. जपानीच्या परीक्षेला तेव्हा चारच लेव्हल होत्या, वन सगळ्यात वरची. एन-वन, एन-टू ही २०१० पासूनची भाषा. मी त्या वेळची लेव्हल टू. पगार हातात २२,००० रुपये. महिन्यात कामाचे दिवस २२. भागाकार तुम्हीच करा. दिवसाला १,००० रुपये, बाकी शून्य. इतका स्वच्छ भागाकार मला आयुष्यात पुन्हा जमला नाही. मला वाटलं हा देवाचाच कौल, आपला दिवसाचा दर हाच. आई म्हणाली, "म्हणजे पगार तेवढाच राहिला ना? मग हरकत नाही." आईचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण तिनेही भाजक तपासला नाही.

पहिलं काम आलं तीन दिवसांचं. जपानहून दोन पाहुणे, एक क्वालिटीचे, एक प्रेसशॉपचे. सकाळी कोरेगाव पार्कच्या हॉटेलवरून त्यांना घ्यायचं, चाकणच्या एका कारखान्यात जायचं, तिथून शिक्रापूरमार्गे रांजणगाव, आणि संध्याकाळी परत हॉटेलवर. पहिल्या दिवशी सकाळपासून विषय एकच, बारी. नव्या मंडळींसाठी सांगते, पत्रा कापला की कडेला जी धारदार कोर उरते तिला जपानीत बारी म्हणतात. आपल्या शॉपफ्लोअरवर तिला बर म्हणतात. मला हा शब्द येत नव्हता. पाहुणे दर दोन मिनिटांनी बारी, बारी करताहेत आणि माझ्या डोळ्यांपुढे संगीतबारी उभी. सुपरवायझर विचारतोय, "मॅडम, काय म्हणतायत?" मी म्हणतेय, "थांबा, त्यांचं संपू दे." शेवटी त्या प्रेसशॉपवाल्यांनी एक तुकडा पुढे केला आणि खुणेने सांगितलं, कडेवरून बोट फिरवा. फिरवलं. कापलं. (हशा) तो शब्द त्यानंतर विसरले नाही. त्या दिवसाच्या हजार रुपयांत टिंक्चर आयोडिनचा खर्च धरलेला नव्हता.

संध्याकाळी पाहुणे हॉटेलात गेले. ड्रायव्हरकाकांनी ड्यूटी स्लिप पुढे केली. तिच्यावर गाडी वापरणाऱ्याची सही लागते. पाहुण्यांना मराठी-इंग्रजी वाचता येईना म्हणून ते काम माझ्याकडे. सही करायची म्हणून वाचली, नाहीतर कशाला वाचतेय. निळी कार्बन लावलेली स्लिप, अजून डोळ्यांसमोर आहे. गॅरेजमधून निघाल्याची वेळ सकाळी ६.३०. गॅरेजला पोचण्याची वेळ त्यांनी अंदाजे घातली होती संध्याकाळी ७.३०. एकूण १३ तास, १३० किलोमीटर. पॅकेज ८ तास ८० किलोमीटर, १,३०० रुपये. वरचे ५ तास, तासाला ६०. वरचे ५० किलोमीटर, किलोमीटरला ८. ड्रायव्हर भत्ता १००. टोल आणि पार्किंग ६०. मी तिथेच बॉनेटवर बेरीज केली. २,१६०.

त्याच गाडीत मीही बसले होते. तेवढेच तास. गाडी निदान कारखान्यात झाडाखाली उभी राहिली होती, मी सात तास मशिनशेजारी उभी होते. माझे १,०००. आणि सकाळी कोथरूडहून कोरेगाव पार्कला रिक्षाने आले ते भाडं माझ्याच पर्समधून.

मी म्हटलं, "काका, तुमची गाडी माझ्यापेक्षा दुपटीने महाग आहे."

ते म्हणाले, "मॅडम, तुमचं प्याकेज काय हाय?"

"पॅकेज नाही हो. दिवसाचे हजार."

"दिवस म्हंजी कवापासनं कवापतुर?"

मला उत्तर आलं नाही.

"आन उद्या सकाळी फोन करून नगं म्हनले तर?"

तेही आलं नाही.

"आन महिनाभर पाव्हनंच न्हाई आलं तर?"

मी जरा चिडून म्हटलं, "तुमचीही गाडी तेव्हा उभीच राहील की." तेव्हा ते जे बोलले, त्याच्यासाठी मी आज इथे आले आहे, बाकी सगळी सजावट. ते म्हणाले, "गाडी हुबी ऱ्हाती मॅडम. हप्ता हुबा ऱ्हात न्हाई."

बघा, कुठल्याही व्यवस्थापनाच्या वर्गात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. गाडीचं १,३०० रुपयांचं पॅकेज ही त्या दिवसाची किंमत नव्हतीच. त्यात ती गाडी ज्या दिवशी उभी होती त्या दिवसांचा हप्ता होता, विमा होता, टायर होते, पासिंग होतं. जो दिवस विकला गेला, त्याने न विकल्या गेलेल्या दिवसांना आपल्या खांद्यावर घेतलं होतं. आणि आम्ही? आम्ही पगाराला बावीसने भागणारे! पगारात रविवार असतो, गणपती असतात, तापाचे तीन दिवस असतात, काम नाही म्हणून चहा पीत बसलेला मंगळवारही असतो. ते सगळं कंपनी गिळते. नोकरी सोडली की ते दिवस आपल्या घरी राहायला येतात, आणि त्यांना जेवायला घालावं लागतं.

आणखी एक. गॅरेज टू गॅरेज. गाडीचं मीटर पाहुणा बसल्यावर सुरू होत नाही, गाडी गॅरेजमधून निघाली की सुरू होतं. आपलं मीटर कधी सुरू होतं? आपण कॉन्फरन्स रूममध्ये "हाजिमेमाशो", म्हणजे 'चला, सुरू करूया', म्हटलं की. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत ड्रॉइंगं आणि चाळीस पानांचं प्रेझेंटेशन वाचलं ते कुणाच्या मीटरवर? चाकणच्या तळेगाव चौकात दीड तास अडकलो ते? आणि ते लाडकं वाक्य, "मॅडम, दोनच तासांची मीटिंग आहे, हाफ डे लावा ना." दादा, मी कोथरूडहून सहाला निघते. अकराला मीटिंग सुटली तरी त्या दिवशी मला दुसरं काम कोण देणार आहे? अर्धा विकलेला दिवस उरलेला अर्धा कुजवून जातो. मी हाफ डे बंद केला त्याला आता दहा वर्षं झाली. ऑनलाइन मीटिंगला तासाचा दर आहे, तिथे मी घरी असते. पण प्रत्यक्ष गेले की पूर्ण दिवस. पाहुण्यांना रविवारी सिंहगड रोडच्या ओकायामा बागेत नेऊन कोइ मासे दाखवणं हाही पूर्ण दिवस. पु. लं.च्या नावाची बाग आहे म्हणून विनोदाने सोडून द्यायचं नाही. (हशा, टाळ्या)

ड्रायव्हरकाका मंचरकडचे. त्यांचा भाऊ नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात ढोलकीला. तिसऱ्या दिवशी परतताना काका म्हणाले, मॅडम, तुम्हाला दर शिकायचा असंल तर पाडव्याच्या टायमाला नारायनगावला या. मी गेले. पुढच्या वर्षी खरोखर गेले, नवऱ्याला घेऊन. त्याला वाटलं तमाशा बघायला चाललोय. (हशा)

विठाबाईंचं नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावर, आपल्या चाकणच्याच पुढे. जत्रांचा हंगाम आला की तिथे फडांच्या राहुट्या लागतात. राहुटीत फडाचा माणूस वही घेऊन बसलेला. गावोगावचे पंच येतात, जत्रेच्या खेळाची सुपारी ठरवायला. मी एका राहुटीच्या तोंडाशी उभी राहून तासभर ऐकलं. पंच पहिला प्रश्न 'किती घेणार' असा विचारतच नाहीत. आधी तिथी सांगतात. चैत्र पौर्णिमा म्हटलं की वहीवाला पेन खाली ठेवतो आणि सुस्कारा सोडतो. त्या दिवशी अर्ध्या महाराष्ट्राची जत्रा. तोच फड, तीच गाणी, तोच वग, आणि आकडा आडवारच्या तारखेपेक्षा कितीतरी वर. कुणी भांडत नाही. म्हणजे घासाघीस होते, जोरात होते, पण पौर्णिमेचा भाव वेगळा का, असं कुणी विचारत नाही. ठरलं की इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायचा. इसार दिला नाही तर तारीख वहीत चढत नाही.

आणि हे लोक चैनीत नसतात हं, गैरसमज नको. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला हंगाम उतरतो. पावसाळ्यात खेळ नाही. तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतात, मालक सावकाराकडून घेतो, आणि चैत्रातल्या सुपाऱ्यांतून ती फिटते किंवा फिटत नाही. कित्येक फड या चक्रात बसले. मी त्यांचं कौतुक करतेय ते एवढ्यासाठीच, की आपला दिवस नाशवंत माल आहे हे त्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. आपल्याला लेव्हल वन झाल्यावरही ठाऊक नसतं.

आपल्याही तिथी असतात. नव्या मॉडेलच्या आधीची ट्रायल, वार्षिक ऑडिट, मार्चअखेर. तेव्हा तीन-तीन फोन येतात आणि आपण तिघांनाही तोच दर सांगतो, वर पहिल्याला दिवस दिला म्हणून बाकीच्या दोघांची माफी मागतो. उलट आपला पावसाळाही असतो. जपानच्या मोठ्या सुट्ट्या. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यात ओबोन, वर्षअखेर नववर्षाचा शोगात्सु. जपानी पाहुणा त्या दिवसांत विमानात बसत नाही. मग दिवाळीत आपण घरी. तो दिवाळीतही येऊ शकतो म्हणा, त्याला काय माहीत. माझ्या एका नरक चतुर्दशीला मी पहाटे उटणं लावून थेट रांजणगावला गेले आहे.

(श्रोत्यांतून: "दर सांगताना लाज वाटते!")

कोण बोललं? बरोबर बोललात. आता ऐका. लाजेची परिसीमा सांगते. मग गणित.

आठ वर्षांनंतर, सगळं शिकून-सवरून, मी एका कंपनीला नवा दर कळवला. कंपनीचं नाव सांगत नाही, अजून बिल यायचंय. (हशा) मला बोलावणं आलं. खोलीत खरेदी विभागाचे आपले साहेब आणि त्यांचे जपानी वरिष्ठ. वरिष्ठांना मराठी-हिंदी येत नाही, इंग्रजी बेताचं. आणि त्या खोलीत दुभाषी एकच, मी. आपल्या व्यवसायाचा पहिला नियम काय? वक्ता 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, आणि काहीही गाळायचं नाही. साहेब हिंदीत म्हणाले, "सर, हे मॅडम चांगल्या आहेत, पण रेट फार वाढवलाय, एवढं त्यांच्यात काय आहे मला कळत नाही." आणि मी, अत्यंत नम्र केइगोमध्ये, म्हणजे आदरार्थी जपानीत, वरिष्ठांकडे वळून सांगितलं, की या मॅडममध्ये एवढं काय आहे ते मला कळत नाही. (मोठा हशा) वरिष्ठ म्हणाले, "नारुहोदो." म्हणजे, असं आहे तर. मग त्यांनी विचारलं, दुसऱ्या दुभाष्यांचे दर काय आहेत? तेही मी साहेबांना विचारलं. साहेबांनी कमी आकडा सांगितला. तोही मी प्रामाणिकपणे पोचवला, आकड्यात चूक नको म्हणून कागदावर लिहूनसुद्धा दाखवला. मग मला माझं म्हणणं मांडायची पाळी आली, तर मी ते एकदा जपानीत मांडलं, एकदा हिंदीत. दोन्ही भाषांत माझी बाजू कमकुवतच वाटली. अर्ध्या तासाने वरिष्ठ म्हणाले, "केन्तो शिमास."

जपानीवाले हसताहेत. बाकीच्यांसाठी, केन्तो शिमास म्हणजे 'विचार करतो', आणि त्याचा अर्थ 'नाही'. पण आमच्या साहेबांना मी काय सांगायचं? शब्द सांगायचा की अर्थ? शब्द सांगितला. साहेब खूश झाले, म्हणाले, "बघा मॅडम, साहेब विचार करतायत, आपणही थोडं कमी करा." मी केलं. तिथल्या तिथे पंधरा टक्के कमी केले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की या अर्ध्या तासाचं बिलसुद्धा मी लावलेलं नाही.

का कमी केले? कारण माझ्याकडे आकडा होता, पण आकड्याच्या खालचं गणित नव्हतं. मला हजार माहीत होते, पाच हजार माहीत होते. कुठल्या आकड्याखाली गेलं की मी घरातून पैसे घालून त्यांच्या कारखान्यात काम करते, ती रेघ माहीत नव्हती. रेघ ठाऊक असती तर लाज वाटली असती की नसती, सांगता येत नाही, पण पाय तरी तिथे थांबले असते.

आणि बिलाचं म्हणाल तर... हे मला सांगायलाच हवं, दोन मिनिटं. एका ठिकाणी चार महिने पैसे आले नाहीत. अकाउंट्सला फोन केला. ते म्हणाले, मॅडम, तुमचं जीआरएन झालेलं नाही. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद. मी म्हटलं, मी माल नाही, मी दुभाषी आहे. ते म्हणाले, हो, पण सिस्टिममध्ये गेटवर माल आत आल्याची एंट्री लागते. शेवटी स्टोअरच्या एका मुलाने माझी एंट्री केली. नग १. स्थिती, ठीक. (हशा) रिजेक्ट झाले नाही हे नशीब. बर नव्हती म्हणून.

चिठ्ठी आली आहे. 'दहा मिनिटं.' आणि गणित अजून फळ्यावर चढलेलं नाही. मला वाटतच होतं. खडू द्या. भराभर लिहून घ्या, किंवा शेवटी फोटो काढा.

उलटं जायचं आहे. दरापासून उत्पन्नाकडे नाही, हातातल्या रकमेपासून दराकडे. समजा घरी महिन्याला ६०,००० हवेत. वर्षाचे ७,२०,०००. आता कंपनी जे गुपचूप भरत होती ते वर चढवा. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, म्हणून म्हातारपणासाठी महिन्याला १०,०००, वर्षाचे १,२०,०००. आरोग्य आणि अपघात विमा धरा ३५,०००. पाय घसरला तर दुभाष्याचं पोट महिनाभर बंद असतं, अपघाती विमा टाळू नका. मग धंद्याचा खर्च. लॅपटॉपचा वर्षाचा वाटा, फोन-इंटरनेट, सेफ्टी शूज, माइक-रिसीव्हरचा संच, सीएची फी, प्रवास. धरा १,२०,०००. महाराष्ट्राचा व्यवसाय कर २,५००. आणि बुडीत. दर वर्षी एखादं बिल बुडतं किंवा एखादं काम आदल्या दिवशी रद्द होतं. त्याचे ५०,०००. बेरीज १०,४७,५००. साडेदहा लाख म्हणू.

यात आयकर कुठे गेला? या उदाहरणात शून्य. खर्च वजा केल्यावर उत्पन्न १२ लाखांच्या आत राहतं, आणि २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत तिथपर्यंत सवलतीमुळे कर लागत नाही. पगारदाराला मिळते ती ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र आपल्याला नाही, ते स्वप्न सोडा. कर शून्य असला तरी कंपनी टीडीएस कापतेच, व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के. म्हणजे साडेदहा लाखांतले लाखभर रुपये विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत सरकारकडे राहणार. ते तुमचेच आहेत, पण जूनमध्ये मुलांची फी भरायला नाहीत. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात. हा दरात नाही, हा आधी हवा.

ज्यांना महिन्याला लाख हवेत त्यांना कर लागणार, आणि तिथे सगळे एकच चूक करतात. १० टक्के जाणार म्हणून वर १० टक्के चढवतात. हातात ९० हवेत आणि १० टक्के जाणार, तर ९० वर १० टक्के चढवून होतात ९९, त्यातले १० टक्के गेले की उरतात ८९ रुपये १० पैसे. चढवायचं नाही, ९० ला ०.९ ने भागायचं. लाखवाल्यांसाठी मी घरी करून आणलंय. विमा आणि म्हातारपण धरून करानंतर १३,५५,००० उरायला हवेत, तर करपात्र उत्पन्न साधारण १४,५८,००० लागतं, उपकरासह कर १,०२,००० च्या वर. वळणावळणाने कसं आलं ते विचारू नका, वेळ नाही. आणि आयकरात निम्मी जमाच उत्पन्न धरण्याची जी सोय आहे, तिच्या यादीत वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट आहेत, दुभाषे नावाने नाहीत. सीएशी बोलल्याशिवाय शेजाऱ्याची नक्कल करू नका. वर्षाची जमा २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी. तो १८ टक्के आपला पैसा नाही, आपण फक्त हमाल.

आता भाजक. इथेच आई चुकली होती. ३६५ दिवस. शनिवार-रविवार १०४ गेले, २६१. सण-सुट्ट्या १२, राहिले २४९. गोल्डन वीक, ओबोन, शोगात्सु मिळून १५, राहिले २३४. आजारपण आणि स्वतःची सुट्टी २०, राहिले २१४. हो, सुट्टी घ्यायची असते. तयारी, अभ्यास, बिलं, बिलांचा पाठपुरावा, नवी ओळखपाळख यासाठी आठवड्याला एक दिवस धरा, ४४ गेले. १७० उरले. आणि त्यातले ६० दिवस असे, की तुम्ही तयार, इस्त्री केलेला शर्ट तयार, फोन येत नाही. राहिले ११०.

साडेदहा लाख भागिले ११०. ९,५४५.

याच मुलीने, म्हणजे २००६च्या माझ्यासारखीने, ६०,००० ला बावीसने भागलं असतं तर २,७२७ आलं असतं. साडेतीनपट फरक. त्या साडेतीनपटीतला एक रुपयाही चैनीचा नाही, फळ्यावर दाखवा मला कुठे आहे तो.

'पाच मिनिटं.' हो, हो.

बाजार एवढं देत नाही, असं आता कोणीतरी म्हणणार. ९,५४५ हा बाजारभाव नाही, ती तुमची रेघ आहे. बाजार रेघेच्या वर असेल तर वरचा भाव घ्या. खाली असेल तर भागाकारातलंच काहीतरी हलवावं लागेल. रिकाम्या ६० दिवसांत अनुवादाचं, अक्षरांवर मोजलेलं काम घ्या. एखाद्या कारखान्याशी महिन्याचे सहा दिवस पक्के करा आणि त्याला थोडा कमी दर द्या, कारण तो तुमचे रिकामे दिवस कमी करतोय. तिथे सवलत रास्त आहे. "पुढे बरंच काम देऊ" यावर सवलत नाही. पुढचं काम हा इसार नव्हे.

रद्द करण्याची अट लिहून द्या. आदल्या दिवशी रद्द झालं तर पूर्ण दर, तीन दिवस आधी झालं तर निम्मा. दिवस म्हणजे किती तास ते लिहा, वरच्या तासाचा दर लिहा, प्रवास वेगळा लिहा. ड्यूटी स्लिप आठवा. एकाच वेळी बोलायचं सायमल्टेनियस काम असेल तर दोघे लागतात, आलटून पालटून. एकट्याने दुप्पट पैशांत करतो म्हणू नका, दुपारनंतर तुम्ही काय बोलता ते तुम्हालाच कळत नाही.

पैसे उशिरा येतात त्याचं. मी नोकरी सोडली त्याच वर्षीचा, २००६चा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. उद्यम नोंदणी करा, फुकट आहे, एकट्या माणसालाही मिळते. मग करारात काहीही लिहिलेलं असलं तरी ४५ दिवसांच्या वर त्यांना जाता येत नाही. गेले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. आणि आयकरातही, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तुमच्या बिलाची वजावट मिळत नाही. हे भांडण करून सांगू नका. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक छापा, बास. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले तुम्हाला स्वतः फोन करतात. मला गेल्या वर्षी आला. जीआरएनबद्दल कुणी काही बोललं नाही.

शेवटचा प्रश्न घेते, तुम्ही मघापासून हात वर ठेवलाय.

(श्रोता: "जुन्या क्लायंटला दर वाढवून कधी सांगायचा?")

चांगला विचारलात. काम चालू असताना नाही, आणि नवं काम आल्यावर फोनवर तर नाहीच. जपानी कंपनीचं आर्थिक वर्ष बहुतेक आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च. मार्चमध्ये दर कळवलात तर पुढच्या वर्षाचा अंदाज आधीच मंजूर झालेला असतो, आणि मग ते खरोखरच अडचणीत येतात. मुझुकाशिई देसु ने, 'अवघड आहे हो', म्हणतात आणि या वेळी खरं बोलत असतात. पत्र वर्षअखेरीच्या सुट्टीआधी पोचायला हवं. दोन ओळींचं. 'एक एप्रिलपासून माझा दिवसाचा दर अमुक राहील. चालू कामांना जुनाच दर.' कारण लिहू नका, कारण लिहिलं की त्यावर चर्चा होते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानीची परीक्षा असते ना, तुमच्यातले निम्मे तिला बसता. पेपर टाकून या, झोप काढा, आणि सोमवारी सकाळी दहाच्या आत पत्र पाठवा.